सहीशिवाय फॉल्ट बंद होत नाही

नाना आमच्या फाटकाशी दिसले की मला आधी राग यायचा आणि मग चहाचं आधण ठेवायची आठवण व्हायची. हा राग नेमका कशाचा, ते लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगता येईल, आणि सांगणारच आहे. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडगोडच बोलायचं, ही रीत मला पटत नाही. नानांनाही पटली नसती.

ते आमचे नातेवाईक नव्हेत. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, चाळीस वर्षांचे मित्र. देवपुरातल्या आमच्या कॉलनीत चौथं घर त्यांचं. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पिंपळनेरपासून नरडाण्यापर्यंत जिथे जिथे तार गेली होती तिथे तिथे नाना तिच्याखालून पायी गेलेले. पुढे तारा गेल्या, खांब गेले, लोकांच्या घरातले फोन भंगारात गेले, पण नाना रस्त्याने चालताना वरच बघायचे. समोरून रिक्षा येते आहे की म्हैस, याची त्यांना फिकीर नसे. कॉलनीतल्या बायका त्यांना हाताला धरून गटारीच्या कडेने पलीकडे नेत. ते आभार मानत नसत, कारण आपण कुठून कुठे आलो हेच त्यांना कळलेलं नसे.

कुणाच्याही दारात उभं राहून त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. "लाइन चालू शे का?" म्हणजे सगळं ठीक आहे ना. बारसं असो की दहावा, यात बदल नाही. शेजारचे म्हातारे बाबा वारले तेव्हा नानांनी त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हेच विचारलं, आणि तो बिचारा रडता रडता "हो नाना, चालू आहे" म्हणाला. मी तिथेच उभी होते. मला ते फार वाईट दिसलं होतं.

माझं माहेर वरणगाव. तिकडची बोली निराळी, त्यामुळे अहिराणी मला सुरुवातीला अर्धीमुर्धीच कळायची. नाना अर्धं अहिराणी आणि अर्धं खात्याचं मराठी बोलत. म्हणजे माझ्या पदरात पाऊण पडायचं. राहिलेलं पाव काय असेल याची मला उगाच धास्ती वाटे.

बिघाड कशाचाही असो, कॉलनीत नानांना बोलावत. मोटर, मिक्सर, गीझर, काहीही. आणि नाना आले की घरच्यांचा जीव मेटाकुटीला येई, कारण त्यांची एक पद्धत होती आणि ती मोडायला ते तयार नसत. काम सुरू केलं की चहा नाही, पाणी नाही. बिघाड जिथे दिसतो तिथे हात लावायचा नाही. रस्त्यावरच्या खांबापासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा बघत आत यायचं. मिक्सरमध्ये चमचा अडकलेला समोर दिसतो आहे, तरी नाना आधी मीटर बघणार, मग बोर्ड, मग वायर, आणि शेवटी चमचा. "क्रम म्हंजे क्रम," असं म्हणत. समोरच्याने घाई केली की कामाचा वेग आणखी कमी करत. हे ते मुद्दाम करत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बिघाड सापडला की खिशातून चिठ्ठी निघायची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी गठ्ठा केलेला असे. त्यावर तीन ओळी. तक्रार. दोष. सही. तक्रार आणि दोष नाना स्वतःच्या अक्षरात लिहीत आणि तक्रार करणाऱ्याने खाली सही करायची. खात्यात असताना म्हणे असंच असायचं. तक्रार मिटली असं ग्राहकाने सहीनिशी मान्य केल्याशिवाय लाइनमनची सुटका नव्हती. खातं सुटलं, सही सुटली नाही. "तक्रार कराले बठ्ठा येतस, सही कराले कोनी येस नही," असं ते कुरकुरत; बठ्ठा म्हणजे सगळे. पण लोक हसत हसत सही करून टाकत. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचायचे सुद्धा नाहीत.

वाचलं ते समोरच्या मास्तरांनी. त्यांच्या दाराची बेल वाजत नव्हती. नानांनी खांबापासून दीड तास तपास केला आणि निघालं असं की मास्तरांनीच आतून तिची वायर सोडवून ठेवली होती आणि बायकोला सांगितलं होतं, बिघडली आहे. नानांनी लिहिलं, "तक्रार: बेल वाजत नाही. दोष: मालकाला मेहुणे नकोत." मास्तर लालबुंद झाले. बायको कागद मागायला लागली. शेवटी मास्तरांनी सही केली, तेव्हा कुठे नाना उठले. कॉलनी महिनाभर हसत होती. मीही हसले. दुसऱ्याच्या घरात चाललेलं असलं की हसू येतंच.

आमच्या घरी हे आलं ते माझ्या कॉम्प्युटरमुळे. म्हणजे सगळे असं म्हणत होते.

मी बी.कॉम. आहे. लग्नानंतर सहा वर्षं मला त्या बी.कॉम.बद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. मग मैत्रिणीकडून पुण्याच्या एका कंपनीचं कळलं. दवाखान्यांची कागदपत्रं घरी बसून तपासायची, रोज सात तास. मी अर्ज केला, त्यांनी घेतलं. अट एवढीच की स्वतःचा चांगला कॉम्प्युटर हवा, आणि पहिले पंधरा दिवस प्रशिक्षण. प्रशिक्षणात तीनदा गैरहजेरी लागली की नाव कमी. मी चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलं होतं, त्यातून कॉम्प्युटर आणला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आबांनी स्वतः स्वस्तिक काढलं, हे मी कबूल करते.

त्याच आठवड्यात घरातलं नेट बसलं. बंद नाही, बसलं. पान उघडायला लागलं की अर्धवट उघडून थांबायचं. बोलणाऱ्या माणसाचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज नंतर यायचा. आबांचं कीर्तन अडकू लागलं. आबा निवृत्त माणूस, टीव्हीवर नेट लावून सकाळी कीर्तन आणि दुपारी शेतीचे कार्यक्रम बघायचे. झालं. "हिचं कॉम्प्युटर आल्यापासून" हे घरात वाक्य तयार झालं. नेट आलं नाही, हिचं कॉम्प्युटर आल्यापासून. फोटो गेला नाही, हिचं कॉम्प्युटर आल्यापासून. एकदा तर नळाला पाणी कमी दाबाने आलं तेव्हा आबा माझ्या खोलीकडे बघून थांबले.

केबलवाल्याला बोलावलं. त्याने बाहेरच्या खांबावर काहीतरी लावून बघितलं आणि म्हणाला, "मागून स्पीड बरोबर येतोय. नवीन काय जोडलं?"

"कॉम्प्युटर," आबा म्हणाले.

"मग तेच. ते ओढतं सगळं." आणि गाडीला किक मारून गेला. दोन मिनिटांत निकाल. मी दारात उभी होते, मला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर आबा माझ्या दारात येऊन उभे राहू लागले. "बेटा, जरा तुझं यंत्र बंद कर, माझं कीर्तन संपेस्तोवर." अगदी मऊ आवाजात. मऊ आवाजात सांगितलं की नाही म्हणता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन गैरहजेऱ्या लागल्या. एक नेट तुटून आणि एक कीर्तनामुळे. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात, सकाळी सातला घर सोडतो. रोज म्हणायचा, "आबांशी मी बोलतो." संध्याकाळी आला की आबांशी कांद्याच्या भावावर बोलायचा.

शेवटच्या शुक्रवारी अकरा वाजता परीक्षा होती. तासभर समोरच्या बाईंशी बोलत बोलत कागद तपासून दाखवायचे. ही झाली की सोमवारपासून काम पक्कं. मी ठरवलं होतं, घरच्या नेटवर विसंबायचंच नाही. माझ्या मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडायचं आणि खिडकीत टेबल ओढून बसायचं. तिथे रेंजच्या दोन काड्या येतात. तासभर पुरतं. आदल्या दिवशी करूनही बघितलं होतं.

नेमके त्याच सकाळी आबांनी नानांना बोलावलं. "नाना येऊ दे. तो दाखवेल दोष कुठे आहे," असं मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. नाना दहाला आले. खांद्याला नोकरीतला जुना, चिमटे लावलेला तपासणीचा फोन लटकत होता. आता तो कुठल्याच तारेला लावता येत नाही, तरी लटकायचाच. मी म्हटलं, "नाना, अकराला माझी परीक्षा आहे. तोवर होईल ना?"

"पाच मिनिट," नाना म्हणाले आणि रस्त्यावर जाऊन खांबाकडे बघत उभे राहिले. वीस मिनिटं.

मग आत आले. स्वयंपाकघरातून परात मागितली. "बठ्ठास्ना फोन आथा ठेवा. बंद करीसन." टेस्ट चालू असताना घरात एकही यंत्र चालू नको, हा त्यांचा नियम. आबांनी आपला फोन ठेवला. टीव्ही बंद केला. माझ्याकडे बघितलं. मी ठेवायला नको होता. आजही मला त्याचा राग येतो, माझा मलाच. पण वडीलधारी दोन माणसं समोर उभी, पाच मिनिटं म्हणतायत, मी ठेवला. नानांनी परात उचलून स्वतःच्या बगलेत धरली आणि अंगणात जाऊन भिंतीतून आत येणारी वायर तिच्या जोडापासून काढली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. नाना जोड पुसत होते. भिंतीवरचे खिळे बघत होते. एका ठिकाणी वायर जरा वाकलेली होती, तिथे हात फिरवत उभे राहिले. अकराला पाच कमी असताना मी म्हटलं, "नाना, माझा फोन द्या."

"टेस्ट चालू शे."

"मला लागतोय. परीक्षा आहे."

"क्रम म्हंजे क्रम, बेटा."

आबा ओट्यावरून म्हणाले, "त्याला काम करू दे ना."

मी तिथे उभी राहिले. पुढे होऊन परात हिसकावून घ्यायला हवी होती. ती घेतली, पण अकरा वाजून दहा मिनिटांनी. फोन सुरू होईपर्यंत निरोप येऊन पडला होता. तिसरी गैरहजेरी, प्रशिक्षण इथेच थांबवत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी फोन केला तर त्या बाई नम्रपणे म्हणाल्या की नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यांच्याकडेही क्रम म्हणजे क्रमच होता.

मी खोलीत जाऊन बसले. रडले नाही. रडायला मला वेळच मिळाला नाही, कारण बाहेरून नानांची हाक आली, "आबा, पेटी कोठे शे?"

नेटची पेटी, म्हणजे ते राउटर, आबांच्या खोलीत असतं. खिडकीशेजारी उंच फळीवर. तिथे माझा हात पोचत नाही आणि आबा कुणाला हात लावू देत नाहीत. खिडकीत बाहेरून कूलर बसवलेला. त्यात पाणी मी भरायची, पण बाहेरून, पाइपने. फळीवर काय आहे ते मला दिसायचं नाही. आबा म्हणाले, "वर आहे. तिची मी बेस सोय केली आहे. तिला हात लावू नको."

नानांनी स्टूल घेतलं. फळीवर आबांचा जुना टॉवेल पांघरलेलं काहीतरी होतं. नानांनी टॉवेल काढला. खाली स्टीलचा डबा. घट्ट झाकण लावलेला. बाजूला खिळ्याने भोक पाडलेलं आणि त्यातून वायर आत गेलेली.

आबा अभिमानाने सांगायला लागले. एवढा मोठा कॉम्प्युटर घरात आला, पेटीवर लोड वाढला, हात लावला तर गरम लागत होती. त्यात हे ऊन, दुपारी नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं. पेटी जळून जायची. म्हणून ती कूलरच्या गार हवेत ठेवली. पण कूलरचे तुषार उडतात, भिजायला नको, म्हणून डब्यात ठेवली. डबा गार राहतो, पेटी गार राहते. नेट हळू झालं तसं आबांनी झाकण आणखी घट्ट केलं होतं आणि वरून टॉवेल ओला करून टाकायला लागले होते. उपाय वाढवत होते.

मला हे सगळं मागाहून समजलं. त्या क्षणी मी फक्त डबा बघत होते. तो माझा होता. माझ्या लग्नात वडिलांच्या फॅक्टरीतल्या मित्रांनी वर्गणी काढून दिलेला, करंज्यांचा डबा. झाकणावर माझं नाव घातलेलं, माहेरच्या आडनावासकट. मी तो माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवला होता. वापरायला जीव होत नव्हता म्हणून. त्याला खिळ्याने भोक.

नानांनी पेटी बाहेर काढली, फळीवर नुसती ठेवली, अंगणातली वायर जोडली. माझ्या कॉम्प्युटरवर दहा दिवस अडकलेलं पान टचकन उघडलं. टीव्हीवर कीर्तनकार एकदम बोलायला लागले. साडेबारा वाजले होते.

नानांनी झाकण उलटंसुलटं करून बघितलं. "लोखंडमा कोंडी दिधी तू तिले," ते आबांना म्हणाले. "बोलनार कशी ती?"

आणि आबा काय म्हणाले असतील? मी अजून विसरू शकत नाही. आबांनी झाकण हातात घेतलं, त्यावरचं नाव वाचलं, आणि म्हणाले, "डबा तर हिचाच आहे."

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. दोष डब्यात आणि डबा सुनेच्या माहेरचा, म्हणजे झालंच की. आबांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान होतं. माझ्या जिभेवर आलेला शब्द घरात उच्चारण्याच्या लायकीचा नव्हता.

नानांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि भिंतीला टेकवून लिहिलं. तक्रार: नवीन कॉम्प्युटरमुळे नेट हळू. दोष: पेटी स्टीलच्या डब्यात बंद. कॉम्प्युटर निर्दोष. मग पेन आबांपुढे धरलं.

आबा हसले. "अरे, घरच्या गोष्टीची कसली सही?"

"सहीशिवाय फॉल्ट बंद व्हस नही."

"मग ती करेल. डबा तिचा, कॉम्प्युटर तिचं."

"तक्रार कोनी करी?" नाना म्हणाले. "तू करी. सही तूच."

आबा उठून हातपाय धुवायला गेले. संध्याकाळी नवरा आला, त्याला सगळं कळलं. तो मला हळूच म्हणाला, "तूच करून टाक ना सही. विषय संपव." त्या रात्री त्याने आपलं ताट आपण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशीपासून नाना रोज यायला लागले. पूर्वी सकाळी फिरून आले की आबांशेजारी ओट्यावर बसून एकच पेपर दोघं मिळून वाचायचे, चहा व्हायचा, मोठमोठ्याने भांडणं व्हायची. आता नाना फाटकाच्या आत यायचे नाहीत. बाहेर उभे राहायचे, चिठ्ठी वर धरायचे आणि विचारायचे, "सही?" आबा पेपर तोंडासमोर धरायचे. नाना मिनिटभर थांबायचे आणि जायचे. असं रोज. कडक ऊन असो, लग्नाचा मांडव रस्त्यात असो. आबांच्या मित्रांनी दोघांना समजावलं. चाळीस वर्षांची मैत्री एका कागदावरून घालवता का, म्हणाले. आबा म्हणाले, मी कुठे घालवतोय. नाना दुसऱ्या दिवशी परत आले.

कॉलनीला वाटायचं नाना माझी बाजू घेऊन लढतायत. बायका मला म्हणायच्या, बघ बाई, तुझ्यासाठी म्हातारा उन्हात उभा राहतो. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्यासाठी? माझं काम गेलं ते कुणामुळे? डब्यामुळे दोन गैरहजेऱ्या लागल्या असतील, पण तिसरी कुणाची? मी खिडकीत टेबल लावून तयार बसले होते. नेट हळू असून, आबा असून, डबा असूनही मी ती परीक्षा दिली असती. माझा फोन नानांच्या बगलेत होता.

एक दिवस त्यांनी फाटकाबाहेरून "सही?" म्हटलं आणि माझा तोल गेला. मी झाडत होते, झाडू हातात तसाच घेऊन फाटकाशी गेले.

"रोज यांची सही मागता, नाना. माझं काय?"

"तुनं काय?"

"माझी परीक्षा बुडाली. वायर तुम्ही काढलीत. फोन तुमच्या परातीत होता. मी मागितला, तुम्ही दिला नाहीत. या दोषाची सही कोण करणार?"

आबांनी पेपर खाली केला. नाना माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच ते खांबाकडे, वायरीकडे न बघता माणसाकडे बघत होते. मी पुढचं सगळं भांडण मनात तयार ठेवलं होतं. ते म्हणतील नियम आहे, मग मी काय म्हणायचं. ते म्हणतील वय झालं, मग मी काय म्हणायचं.

त्यांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि फाटकावरून माझ्या हातात दिली. "लेखी दे."

मी रागाच्या भरात तिथेच, फाटकाच्या पट्टीवर कागद ठेवून लिहिलं. तक्रार: अकराची परीक्षा चुकली, काम गेलं. दोष: नानांनी पावणेअकराला वायर काढली. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं एका ठिकाणी.

नानांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. "पावनेअकरा नही," ते म्हणाले. "दहा चाळीस. मी घड्याळ दखं व्हतं." आणि स्वतःच्या हाताने वेळ दुरुस्त केली, दुरुस्तीशेजारी छोटी सही केली. मग खाली एक ओळ आणखी लिहिली. "फोन मागितला असता दिला नाही." ती मी लिहायची विसरले होते. त्याखाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि सेवानिवृत्त लाइनमन.

"क्रम बरोबर व्हता मना," ते म्हणाले. "पन तुले ईचारं नही. हाऊ दोष मना." मना म्हणजे माझा, एवढी अहिराणी मला आता कळत होती. मग चिठ्ठी माझ्याकडे देऊन म्हणाले, "भिंतले लाव. बठ्ठास्ले दिसाले पाहिजे."

मला अजून सांगता येत नाही मला काय वाटलं. भांडायला निघालेल्या माणसाचं भांडण असं एकदम काढून घेतलं की फार चिडचिड होते. मी चिडलेच. पण त्या घरात सहा वर्षांत माझ्या म्हणण्याखाली कुणी आपलं नाव लिहिलं नव्हतं, आणि ज्याने लिहिलं त्याने माझ्यापेक्षा जास्तच लिहिलं, हेही मला दिसत होतं. नाना ओट्याकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सही?" आबांनी पेपरचं पान उलटलं.

चिठ्ठी मी बाहेरच्या खोलीत लावली, टीव्हीच्या वर, जिथे कीर्तन बघताना नजर जातेच. पाहुणे विचारतात, मी सांगते. पूर्ण सांगते. आबा त्या वेळी उठून आत जातात. पुण्याच्या त्या कंपनीने मला परत घेतलं नाही. पुढे दुसरीकडे काम मिळालं, ते कमी आहे आणि कंटाळवाणं आहे. पण मी ते खिडकीत बसून करते आणि फोन कुणाच्या परातीत ठेवत नाही.

नाना पुढेही येतच राहिले, पाय चालत होते तोवर. मग लेकीने जळगावला नेलं. तिथेच गेल्या मार्गशीर्षात गेले. आबांना बातमी कळली तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत, हेही खरं आहे.

तेराव्यानंतर आबा एकदा टीव्हीसमोर बसल्या बसल्या वर बघत म्हणाले, "बेटा, आता तो कागद काढ. गेलेल्या माणसाचा दोष भिंतीवर बरा दिसत नाही."

मी म्हटलं, "काढते की आबा. त्या जागी लावायला तुमचा द्या."

आबांनी कीर्तनाचा आवाज वाढवला. कागद भिंतीवरच आहे.